आईच्या मोबाइलमधला बंद फोल्डर

समोरच्या घरातल्या बाईचे फोटो आईच्या मोबाइलमध्ये आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तिचा नवरा तिला मारायचा. आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्या मजल्याला ऐकू यायचं आणि सगळा मजला टीव्हीचा आवाज वाढवायचा. आमच्या घरचा रिमोट बहुतेक वेळा माझ्याच हातात असायचा.

मोबाइलमध्ये पासवर्ड लावून वेगळा फोल्डर करता येतो, हे आईला मीच शिकवलं होतं. आधार कार्ड, पासबुक यांचे फोटो त्यात ठेव, म्हटलं होतं. तिने मान डोलावली होती.

गेल्या दिवाळीत मी तिला नवा फोन आणला. जुना सारखा हँग व्हायचा, म्हणून फॉरमॅट करून देऊन टाकायला घेतला. बघते तर आधार कार्ड गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये उघडंच पडलेलं आणि फोल्डरला मात्र कुलूप. मी मुळात तोंडाळ, लगेच सुरू झाले.

"पासवर्ड सांग. असं काय सोनं ठेवलंयस त्यात?"

"मला माहीत नाही."

"तुझ्याच फोनचा?"

"समोरचीने टाकलाय तो. तिचा नवरा रोज तिचा फोन तपासतो. तिला लागेल तेव्हा ती उघडेल. तू हात लावू नकोस."

ती बाई सारखी विरजण मागायला का यायची, ते तेव्हा डोक्यात शिरलं. आमच्याच स्वयंपाकघरात, आईच्या फोनवर, ती अंगावरचे वळ टिपून ठेवत होती. व्हिडिओ फॉरवर्ड करायला मला तीनदा हाक मारणाऱ्या माझ्या आईने हे जमवलं होतं. आणि पासवर्ड विचारून ठेवायचा मोहसुद्धा तिला झाला नव्हता. मला झाला असता.

नवा फोन खोक्यातच राहिला.

संक्रांतीनंतर एका दुपारी समोरची वकीलबाईंना घेऊन आली. तक्रार करायचं ठरलं होतं. आईने फोन तिच्या हातात दिला आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली. फोल्डर उघडला तरी वळेना.

"काकू, बघा ना तुम्हीपण," ती म्हणाली.

तेव्हा कुठे आई तिच्याशेजारी बसली. प्रत्येक फोटोवर तारीख होती. त्यातली एक माझ्या वाढदिवसाची निघाली. मला पुढचं बघवेना. आईने मात्र शेवटपर्यंत सगळे पाहिले, तिचा हात हातात धरून.