दोरसानीच्या कुत्र्यांचा नागोजी

देवनहळ्ळीच्या अलीकडं, बंगळूरच्या रस्त्याला लागून, चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागेत दोरसानीचं घर होतं. गोऱ्या बाईला तिकडं दोरसानी म्हणतात. सत्तेचाळीसला बाकीचे गोरे गेले, ही राहिली. नवरा मागच्या आवारातच पुरलेला, त्याला एकटं टाकून कुठं जाऊ, म्हणायची. तिला पाच कुत्री होती, आणि कुत्र्यांना नागोजी होता.

नागोजी जातीनं मराठा. शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर आमचे लोक इकडं उतरले, हे तो पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा. काम काय करता विचारलं, तर बाग बघतो म्हणायचा. बाग बघायला दुसरा माणूस होता. नागोजी पहाटे चूल पेटवून मोठ्या जनावराची हाडं उकळायचा, त्यात नाचणीचं पीठ घाटायचा आणि पाच ताटल्या भरायचा. घरी निघण्याआधी कोपरापर्यंत हात राखेनं घासायचा. तरी वास मागं यायचाच. बायको, कृष्णाबाई, जेवताना स्वल्प लांब सरकून बसायची, एवढंच.

शेजारची यल्लव्वा मात्र सोडायची नाही. ती बेळगावकडची, मराठी बोलणारी, नवरा द्राक्षाच्या मळ्यात कामाला म्हणून इकडं आलेली. "नागोजी अण्णा, माझं मांजर तुझ्या धोतराच्या मागं लागलंय की. आज बागेत कसलं फूल फुललं म्हणायचं?" नागोजी हसण्यावारी न्यायचा. तिच्या तोंडाला विष नव्हतं. दोरसानीच्या विहिरीवर पाण्याला जाताना कृष्णाबाईचीही एक घागर ती भरून आणायची.

एकोणसाठ सालच्या डिसेंबरात थंडी हाडात शिरली. दोरसानीनं एक जुनं ब्लँकेट फाडून दिलं आणि नागोजीनं कुत्र्यांना अंगरखे शिवले. त्याच आठवड्यात त्याच्या लेकीला, कौशल्येला, बघायला बंगळूरचे पाहुणे यायचं ठरलं. मुलाचे वडील रघुजी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घराणं तोलून घेणारे. मधल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, मुलीचा बाप इंग्रज बाईच्या बागेचा मॅनेजर आहे. नागोजीनं ते खोडलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं सारू-भात जेवून झालं, मुलगी बघून झाली, रघुजी अंगणातल्या उन्हात पान लावत बसले. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून जॅस्पर आला. दोरसानीचं सगळ्यांत म्हातारं कुत्रं, एका डोळ्यानं आंधळं. त्या दिवशी नागोजीनं सुट्टी घेतलेली, आणि दुसऱ्याच्या हातचं ते खाईना. अंगरख्यानिशी बाग ओलांडून चालत आलं आणि सरळ नागोजीच्या मांडीवर तोंड ठेवून बसलं.

"तुम्हाला चांगलंच ओळखतंय," रघुजी म्हणाले.

"छे हो. बाई मोकाट सोडते, कुणाच्याही अंगावर येतं." त्यानं हाड हाड केलं. जॅस्परनं शेपूट हलवलं आणि त्याचा हात चाटायला घेतला. नागोजीनं अंगणातल्या चुलीशेजारचं लाकूड उचललं आणि मारलं. ते मागच्या पायाला बसलं. कुत्रं केकाटलं नाही फारसं. थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिलं, मग तीन पायांवर फटीतून गेलं. कुंपणापलीकडं यल्लव्वा शेंगा सोलत होती. तिनं मान खाली घातली.

सोमवारी सकाळी जॅस्परचा पाय सुजून टम्म झाला होता. दोरसानीचा संशय यल्लव्वाच्या पोरांवर. मागं एकदा चकोती चोरताना ती सापडली होती. बाईचं कन्नड 'बेडा' म्हणजे नको आणि 'होगू' म्हणजे जा, याच्या पुढं जात नव्हतं, मराठी तर मुळीच येत नव्हतं, म्हणून दुभाष्या म्हणून तिनं नागोजीलाच बरोबर घेतलं.

यल्लव्वाच्या दारात दोरसानी रागानं बोलत होती आणि नागोजी तिच्या इंग्रजीचं मराठी करत होता. तुझ्या पोरांनी मुक्या म्हाताऱ्या जनावराला मारलं. लाज वाटली पाहिजे. नजर त्यानं जमिनीवरच्या टरफलांवर ठेवली होती.

यल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "पाव्हणे गेले?"

"नाही अक्का. देवनहळ्ळीच्या किल्ल्यात भावकीत उतरलेत. उद्या सुपारी फुटायची आहे."

"मग सांग की तिला. माझ्याच पोरानं मारलं म्हणून."

काय म्हणते, दोरसानीनं विचारलं. नागोजीनं सांगितलं. माझ्याच पोरानं मारलं असं म्हणते, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

आजपासून हिनं विहिरीवर पाय ठेवायचा नाही, दोरसानी म्हणाली. त्याचंही मराठी त्यालाच करावं लागलं.

"सरी. बरं," यल्लव्वा म्हणाली.

तळं अर्ध्या कोसावर. त्या थंडीत पहाटेच्या धुक्यातून ती अनवाणी जायची, आणि वाट नागोजीच्या दारावरूनच होती. मांजराची थट्टा बंद झाली. कृष्णाबाईची घागरही बंद झाली. ती आपली आपण पाणी आणू लागली. सुपारी फुटली की सांगू, असं नागोजीनं ठरवलं होतं. मग लग्न होऊ दे म्हणाला. माघात लग्न झालं, यल्लव्वा येऊन दोन दिवस पुऱ्या लाटून गेली, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. जॅस्परचा पाय आठ दिवसांत बरा झाला आणि ते पुन्हा नागोजीच्याच हातचं खाऊ लागलं.

उगादीचा पाडवा झाल्यावर एकदाचं त्यानं दोरसानीला सांगितलं. ती कुत्र्याचे केस विंचरत होती. कामावरून काढील, निदान शिवी देईल, असं त्याला वाटलं होतं. तिनं कंगवा खाली ठेवला, तडक यल्लव्वाच्या दारात गेली आणि तिचा हात धरून विहिरीकडं ओढू लागली. यल्लव्वानं हात सोडवून घेतला, पण झटकला नाही.

"तिला सांग, अण्णा. राग नाही म्हणावं. तळ्याचं पाणी बी गोडच हाय."

नागोजीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिच्या वाटेवर उभा राहिला आणि भरलेल्या घागरीसाठी हात पुढं केला. यल्लव्वानं घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली आणि त्याला वळसा घालून गेली.