खोदून पाहावा असा बायोडाटा

१९८१च्या जानेवारीत नागपूरच्या धरमपेठेतल्या एका बिल्डरच्या ऑफिसात चंपतराव गजभियेंचा बायोडाटा मोठ्याने वाचला गेला. वाचणारा कारकून होता, ऐकणारे दोन ड्राफ्ट्समन आणि चहा घेऊन आलेला एक माणूस. चंपतराव स्वतः दाराशी उभे होते.

“स्वभाव शांत. निर्व्यसनी. उंची पाच फूट चार इंच. वर्ण सावळा. एक भाऊ, दोन बहिणी, सर्वांची लग्ने झालेली. मामाचे घर सावनेर.” कारकुनाने कागद टेबलावर ठेवला. “काका, आमच्या साहेबांची पोरगी आताशी चौथीत आहे. थोडं थांबा लागते तुम्हाले.”

सगळे हसले. चंपतरावही थोडे हसले, कारण चूक कुठे झाली ते त्यांना कळले नव्हते. त्यांच्या घरात आजवर एकच बायोडाटा तयार झाला होता, तो मुलीच्या, देवकीच्या लग्नाचा. तो पहिल्याच घरी पसंत पडला होता. तोच समोर ठेवून त्यांनी आपला उतरवला. फक्त ‘शिवणकाम येते’ ही ओळ गाळली होती.

चंपतराव चेनमन होते. जमीन मोजताना सर्व्हेअर दुर्बिणीतून पाहतो आणि वहीत आकडे मांडतो. लोखंडी साखळी ओढणे, खुंट्या ठोकणे आणि शेवटी प्लॉटच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरणे हे काम चेनमनचे. १९५९पासून एकवीस वर्षे त्यांनी हे काम एकाच माणसाकडे केले. वामनराव हे खाजगी सर्व्हेअर. नागपूरच्या चारी बाजूंची शेते त्या काळात एकेक करून ले-आउट होत होती. आज ज्वारी, पुढच्या साली मुरमाचा रस्ता आणि चौकोनी प्लॉट. त्यातल्या बऱ्याच शेतांत पहिली खुंटी चंपतरावांची होती. मागच्या ऑक्टोबरात वामनराव हृदयविकाराने गेले. त्यांचा मुलगा बँकेत होता. त्याने दुर्बीण पेटीत ठेवली आणि ऑफिसची खोली घरमालकाला परत दिली.

घरी खायची ददात नव्हती. इंदोरा वस्तीत स्वतःचे दोन खोल्यांचे घर होते, अंजनाबाईंचे शिवणकाम चालू होते, देवकी सासरी सुखात होती. अंजनाबाईंच्या भावाने, धोंडबाने, वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदाराची जागाही पाहून ठेवली होती. एक मार्चपासून हजर व्हायचे होते.

“स्टुलावर बसाचं, गेट उघडाचं अन् लावाचं,” धोंडबा म्हणाला. “उन्हात फिरा लागत नाही, भाऊजी. याच्याहून चांगलं काय पाहिजे गा?”

चंपतरावांना नेमके तेच नको होते. पन्नाशीला आलेला हा माणूस एका जागी बसला की त्याचे गुडघे दुखत आणि चालू लागला की थांबत. त्यांना मोजणीचेच काम हवे होते, आणि त्यासाठी हातात फेब्रुवारीचा महिना होता.

धरमपेठेतून निघाल्यावर ते थेट सिव्हिल लाइन्सला कचेरीसमोर गेले. तिथे टिनाच्या शेडखाली टंकलेखकांची रांग बसे. त्यातल्या कुसुमताई एकट्याच बाई. पोस्टातल्या बाबूची बायको, चष्मा दोरीने गळ्यात, इंग्रजी आणि मराठी अशी दोन यंत्रे. वामनरावांचे अर्ज त्याच टाइप करत, त्यामुळे ओळख होती.

कुसुमताईंनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला.

“चंपतराव, हे तुम्ही किती ठिकाणी दिलं?”

“पाच.”

“अरे बाप्पा! अन् कोणी सून म्हणून कुंकू लावाले नाही आलं?”

“हासू नका, ताई. ह्याच कागदानं आमचं एक काम झालं होतं.”

त्यांनी इंग्रजी यंत्रावर नवा बायोडाटा टाइप केला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव, ओळख देणारी व्यक्ती, सगळे रीतसर. शिक्षणासमोर चौथी आली. अनुभवासमोर चेनमन, एकवीस वर्षे. ओळख देणाऱ्या व्यक्तीसमोर वामनरावांचे नाव टाइप करून कुसुमताई थांबल्या, मग कंसात ‘मयत’ असा इंग्रजी शब्द घातला. कागद खालून अर्धा कोरा राहिला.

त्या कोऱ्या अर्ध्याकडे चंपतराव आदराने पाहत होते. इंग्रजीत आपण फार व्यवस्थित दिसतो असे त्यांना वाटले.

तीन आठवडे तो कागद आठ ऑफिसांत फिरला. कोणी हसले नाही आणि कोणी बोलावलेही नाही. फेब्रुवारीच्या वीस तारखेला ते पुन्हा शेडखाली येऊन बसले.

“कागदच रिकामा दिसते तुमचा,” कुसुमताई म्हणाल्या. “चौथी पास अन् साहेब मयत. कोण ठेवन? एकवीस वर्षांत केलं काय, ते तर सांगा.”

“साखळी ओढली.”

“अजून?”

“दगड गाडले.”

“झालं? अशानं माझ्या यंत्राची रिबनही वाळून जाईल.” त्यांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतःचेच रडगाणे सुरू केले. “आमच्या ह्यांनी प्लॉट घेतला सोसायटीत, हिंगणा रोडले. आता पाहाले गेलो तर दगडच नाही जागेवर. शेजारी म्हणते इथून माझा, मागचा म्हणते तिथून माझा. आमचा कोणता, ते देवाले माहीत.”

“कोणती सोसायटी?”

त्यांनी नाव सांगितले.

“नंबर?”

“तेवीस.”

चंपतरावांनी कप खाली ठेवला. “म्हणजे विहिरीच्या बाजूची लाइन. विहिरीच्या काठापासून सरळ उत्तरेले चौऱ्याऐंशी फूट जा. तो तुमचा दक्षिणेचा कोपरा, रस्त्याकडचा. अडुसष्ट साली गाडला, मार्च महिना होता, जमीन फुटून राहिली होती. पहारीनं खोदा लागलं.”

“अन् दगड नसन तर?”

“दगड गेला तरी खडे असतीन. दोन फूट खाली.”

मग चंपतरावांनी खड्यांची ती गोष्ट सांगितली. त्यांच्या लेखी तिच्यात सांगण्यासारखे काही नव्हते. वामनरावांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की दगड माणसे हलवतात, म्हणून त्याच्या खाली काहीतरी असे टाकावे जे त्या मातीत कधी आपोआप येत नाही. बाकीचे सर्व्हेअर कोळसा टाकत. पण इथल्या काळ्या मातीत काळा कोळसा दिसायचा कसा? खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चंपतरावांचा भाऊ कामाला होता. भट्टीतून जळून निघालेले राखी रंगाचे खडे तिथे ढिगाने पडलेले असत. वर्षाला एक पोते यायचे. प्रत्येक दगडाच्या खड्ड्यात आधी ओंजळभर खडे, मग माती, मग दगड.

“हे कोणाले माहीत आहे?”

“साहेबांले होतं. अन् मले.”

“खरं कशावरून पण?”

“खोदून पाहा ना,” चंपतराव म्हणाले.

कुसुमताईंनी इंग्रजी यंत्र बाजूला सरकवले आणि मराठी पुढे ओढले. “बसा इथं. एकेक ले-आउट सांगा. कोणती विहीर, कोणतं झाड, किती फूट. अन् जे पक्कं आठवत नाही ते सांगू नका.”

दोन दुपारी लागल्या. एकतीस ओळी झाल्या. प्रत्येक ओळीत गाव, साल, एक न हलणारी खूण आणि तिथून एका दगडाचे अंतर. नऊ ले-आउट चंपतरावांनी स्वतःच गाळले, कारण त्यांतली झाडे तुटली होती. चौथी पास ही ओळ कुसुमताईंनी शेवटी टाकली. सगळ्यात वर मात्र खाली रेघ मारून टाइप केले: ‘चंपतराव गजभिये, चेनमन. खालीलपैकी कोणत्याही जागी खोदून पाहावे.’

“असा बायोडाटा कोठी असते का?” चंपतरावांना धाकधूक होती.

“नसते. पण रिकामा तर नाही दिसत.”

तो कुठे द्यायचा हे मात्र चंपतरावांना सुचले. आठ ऑफिसांत आठ कारकून बसले होते आणि कागद त्यांच्यापुढे जात नव्हता. पण सीताबर्डीत अमोनिया प्रिंट काढणारे एक दुकान होते, तिथे शहरातला प्रत्येक बिल्डर आणि आर्किटेक्ट आपल्या नकाशाच्या प्रती काढायला आज ना उद्या येई. वामनरावांचे नकाशे घेऊन चंपतराव तिथे वीस वर्षे जात होते. त्यांनी कुसुमताईंकडून सगळी यादी ट्रेसिंग पेपरवर पुन्हा टाइप करून घेतली. दुकानाचे मालक भैय्याजी यांनी तिच्या निळ्या प्रती काढल्या, एक काउंटरच्या मागच्या भिंतीवर नकाशांच्या शेजारी लावली आणि बाकीच्या काउंटरवर ठेवल्या. प्रिंट निघेपर्यंत तिथे दहा मिनिटे उभे राहावे लागे. अमोनियाने डोळे चुरचुरत. वाचायला दुसरे काही नव्हते.

“लोक वाचून राहिले गा तुझी यादी,” चौथ्या दिवशी भैय्याजी म्हणाले. “एकानं विचारलं, हा माणूस जिवंत आहे का?”

सव्वीस तारखेला दुकानात निरोप आला. गणपतराव नावाच्या बिल्डरने बोलावले होते, ऑफिसात नव्हे, वाडीला. अमरावती रोडवर त्यांनी आठ एकर घेतले होते आणि लागूनच एक जुना ले-आउट होता, यादीतला चौदावा. चंपतराव पोचले तेव्हा गणपतराव जीपला टेकून उभे होते. हातात निळी प्रत होती.

“तुमच्या कागदात लिहिलं आहे, विहिरीच्या पूर्वेच्या काठापासून हद्दीचा दगड एकशे अठरा फूट.”

“हो, साहेब.”

“मी सकाळीच मोजलं. एकशे बावीस आहे.”

 चंपतरावांनी जीपमधला स्टीलचा टेप मागितला आणि गणपतरावांच्या माणसाला विहिरीवर दुसरे टोक धरायला लावले. मधे एका गोदामाचे काटेरी तारेचे कुंपण होते. गोदामवाल्याने जुन्या ले-आउटचे शेवटचे प्लॉट घेतले होते. दगड त्याच्या कुंपणाला चिकटून उभा होता. टेप ताणला. एकशे बावीस.

“चार फूट,” गणपतराव म्हणाले. “एकतीस जागा लिहिल्या तुम्ही. मी एकच पाहिली.”

 चंपतराव दगडाजवळ बसले. दगड त्यांचाच होता, माथ्यावरची छिन्नीची फुली त्यांच्या हातची होती. त्यांनी दोन्ही हातांनी दगड धरून ढकलला. दगड डुलला.

“साहेब, माझा दगड डुलत नाही. हा आठ इंचही खाली नसन.” ते उठले. “मले कुंपणाच्या आत खोदू द्या. चार फूट आत.”

गेटवर एक चौकीदार स्टुलावर बसून होता. त्याने दोघांकडे पाहिले. “मालक नाहीत.”

“दोन फुटांचा खड्डा आहे, भाऊ. पाहून बुजवून देतो,” चंपतराव म्हणाले.

“खोदा बाप्पा. मले गेट पाहाले ठेवलं, जमीन पाहाले नाही.” तो उठलासुद्धा नाही.

चंपतरावांनी त्या स्टुलाकडे एकदा पाहिले आणि तारेखालून आत शिरले. एकशे अठरा फुटांवर टाचेने खूण केली आणि पहार हाती घेतली. एक फूट काळी माती निघाली. दीड फुटावरही काळी मातीच. गणपतरावांनी घड्याळ पाहिले. दोन फुटांच्या जरा वर पहारीचा आवाज बदलला, करकर वाजले. चंपतराव गुडघ्यावर बसले, हात घातला आणि ओंजळ वर काढली. राखी रंगाचे, छिद्राछिद्रांचे, हलके खडे.

गणपतरावांनी एक खडा उचलला, बोटांत फिरवला. मग कुंपणाच्या लांबीवरून नजर टाकली. चार फूट रुंदीची ती पट्टी इथून मागच्या नाल्यापर्यंत जात होती आणि ती त्यांच्या आठ एकरांतली होती.

“हे मोजणी खात्याच्या माणसासमोर पुन्हा काढून दाखवाल?”

“बुजवून ठेवतो. तुम्ही म्हणाल तेव्हा काढतो.”

“सोमवारपासून या.” गणपतरावांनी खडा निळ्या कागदात गुंडाळून खिशात टाकला. “अजून काही सांगायचं आहे?”

“एक आहे, साहेब. खड्यांचं पोतं ऑफिसनं आणाचं. सायकलवर जमत नाही आता.”

घरी अंजनाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे धोंडबाले नाही म्हणून सांगा लागते. रागावन तो.”

“रागावू दे वं. त्याले म्हणा, स्टूल चांगलं आहे, पण आधीच भरलं आहे.”

पहिल्या रविवारी चंपतराव हिंगणा रोडला गेले आणि विहिरीपासून चौऱ्याऐंशी फूट मोजून कुसुमताईंना त्यांचा कोपरा काढून दिला. खडे पाहून पोस्टातल्या बाबूंनी तिथेच खुंटी ठोकली, आणि शेजाऱ्याने ती ठोकू दिली.

मार्चच्या मध्याला, गणपतरावांच्या आठ एकरांत पहिला दगड बसला त्या दिवशी, चंपतराव दुपारी चारला कचेरीसमोरच्या शेडखाली हजर झाले. बोटांना राख लागलेली होती. त्यांनी ट्रेसिंग पेपर उलगडून यंत्रासमोर ठेवला.

“आता कायले?” कुसुमताई म्हणाल्या. “नोकरी लागली ना?”

“बत्तिसावी ओळ टाकाची आहे,” चंपतराव म्हणाले. “वाडी, एक्याऐंशी साल. खूण लिहा, नाल्यावरच्या पुलाचा उत्तरेचा कठडा. तिथून दोनशे सहा फूट.”

कुसुमताईंनी चष्मा चढवला आणि कागद यंत्रात घातला.