दादाच्या मशीनचा शेवटचा प्रोसेसर

दुपारचे दोन वाजलेत. शटर अर्धं खाली ओढलंय आणि रेडियमच्या रोलवर डोकं टेकलंय. झोपायचं नाही असं मी स्वतःला सांगतीय, पण डोळे ऐकत नाहीत. उजव्या हाताची बोटं सोलवटलीत, ठणकतायत. मघाशी कॉम्प्युटरच्या डब्याला बुक्की घातली मी. डब्याला काही झालं नाही.

झालंय असं. दुकान माझ्या दादाचं. गाड्यांच्या नंबरप्लेटी, ट्रॅक्टरवरची नावं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या लाल पट्ट्या, निम्म्या बार्शीचं रेडियम त्यानंच कापलंय. कापायचं मशीन जुनं. ते ह्या जुन्याच कॉम्प्युटरला जोडता येतं, नव्याला त्याची वायरच बसत नाही. आणि कॉम्प्युटर आता मरायला टेकला होता. एक डिझाईन उघडायचं तर चहा पिऊन यायचं. जोरातला प्रोसेसर टाकला की पळेल, पण सोलापूरचा कॉम्प्युटरवाला बागवान म्हणाला, "ह्या बोर्डात बसणारे यायचे बंद झाले. माझ्याकडं हा एकच आहे. पुढच्या आठवड्यात आलीस तर बोर्ड भंगारात घाल." काल जाऊन आणला. आज सकाळी बसवला. पंखा फिरतो, स्क्रीन काळी.

संध्याकाळी आबा, म्हणजे आमचे वडील, गाळा कापडवाल्याला देणार आहेत. मशीन चालू दिसलं तरच नाही देणार. तसं कबूल केलंय त्यांनी, तोंड वाकडं करून.

शटर खडखडतं. दादा वाकून आत येतो.

दादाला जाऊन आठ महिने झाले. मला माहितीय ते. तरी मी म्हणते, "चप्पल बाहेर काढ. आत्ताच झाडलंय."

"माझ्या मशीनला हात कुणी लावला, रेणे?"

"मी. का?"

"नववीत पळालेली पोरगी माझं बोर्ड उघडणार?"

"तू तरी कुठला इंजिनिअर होतास?"

तो हसतो. वरचे दोन दात नाहीत. मग माझे केस धरतो आणि डोकं काउंटरवर आपटतो. एकदा. परत एकदा. काच तडकते. आवाज येतो, पण दुखत नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. मी त्याच्या दंडाला चावते. तोंडात रेडियमची चव, डिंकाची. थुंकते तर लाल पट्टी बाहेर पडते, ओढेन तेवढी येतच राहते.

"सोड."

"आधी तू सोड."

काउंटर बाक झालाय. माझाच बाक, तिसऱ्या रांगेतला, कंपासच्या टोकानं मी कोरलेला. समोर फळ्याच्या जागी आपलं कापायचं मशीन, त्याची सुरी इकडून तिकडं पळतीय आणि फळ्यातून भुसा नाही, रक्त सांडतंय. दादा मास्तरांच्या खुर्चीत बसून माझा कंपास उघडतो.

"परीक्षेला बस म्हणलो होतो तुला. एवढंच म्हणलो होतो."

"मुस्काटात मारून म्हणलास."

"आणि तू?"

माझ्या हातात स्टीलची पट्टी आहे. दोन फुटी, रेडियम सरळ कापायची. त्या दिवशी हीच होती. त्यानं मारलं आणि मी हिच्या कडेनं त्याच्या कानशिलावर हाणली, सगळ्या ताकदीनं. तो गाडीला किक मारून गेला. वीस मिनिटांनी कुर्डुवाडी रोडला उभ्या ट्रॉलीत घुसला. हेल्मेट हँडलला लटकत होतं.

मी पट्टी टाकून देते. ती पडत नाही, हाताला चिकटलीय.

आता आम्ही रोडवर उभे. ऊन नाही, अंधार पण नाही. समोर ट्रॉली, ऊस बाहेर आलेला. दादाच्या कानशिलाला टेंगूळ, आणि त्या टेंगळातून पंख्याचा आवाज येतोय, घर्रर्र. विचारायचं तर आत्ताच.

"टेंगळामुळं हेल्मेट बसलं नाही ना तुला?"

"हेल्मेट मी कधी घालायचो, सांग."

"पोलीस दिसला की."

"मग."

"दादा, नीट सांग. मी मारलं का तुला?"

तो उसाचं कांडं मोडतो आणि माझ्या पाठीत हाणतो, जोरात. "कान वाजत होता. खोटं कशाला बोलू? लई जोर आहे तुझ्यात. पण ट्रॉली दिसली नाही मला. मागं बघ."

मी बघते. ट्रॉलीच्या मागं काहीच नाही. नुसता पत्रा.

"पट्टी नाही," तो म्हणतो. "वीतभर लाल पट्टी. ह्याच ट्रॉलीवाल्याला म्हणलो होतो, दुकानात ये, लावून देतो. आलाच नाही तो भाड्या. आता तू कापणार आहेस का, का आबा तिथं परकर विकणार?"

"स्क्रीन काळी आहे."

"काय केलंस बसवताना?"

"सगळं तू करायचास तसं. खाच बघितली, हलक्या हातानं ठेवला, दाबला नाही."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. कुंकू लावलं."

दर खंडेनवमीला दादा डबा उघडायचा, ब्रशनं धूळ काढायचा आणि पंख्याला हळद-कुंकू वाहायचा. नवी वस्तू कुंकवाशिवाय दुकानात चालूच करायची नाही, हा त्याचाच नियम.

"कशाला लावलंस?"

"प्रोसेसरला. नवा होता म्हणून."

"येडे," तो म्हणतो. "पंख्याला लावतात. हात दाखव."

मी डावा हात पुढं करते. तो त्यावर प्रोसेसर ठेवतो, चौकोनी, पोट खाली. पोटाला केसासारख्या बारीक हजारभर पिना. मग कुंकवात अंगठा बुडवतो आणि वरून दाबतो, मी सकाळी दाबला होता तसाच, कोपऱ्यात. पण तो दाबतच राहतो. आता दुखतंय. आता सगळं दुखतंय, डोकं, पाठ, कान. पिना मांसात जातायत. मी त्याच्या नडगीवर लाथ घालते. तो हलत नाही.

"दादा, मोडेल ते. एकच आहे."

"वाकतात आधी. मोडत नाहीत लगेच. पेन-पेन्सिल आहे का अजून तुझी?"

"शाळेची?"

"शिसं काढून टाक. नळी पिनेवर घाल, उभी कर. घाई केलीस तर मुस्काट फोडेन."

"तू जाऊ नकोस."

"हात सोड मग."

मीच त्याचा हात धरलाय. मला कळलंच नव्हतं.

सोडते.

शटरखालून ऊन आत आलंय. रोलवर माझी लाळ. डावी मूठ एवढी आवळलीय की उघडताना बोटं कडकड वाजतात. तळहातावर चौकोन उठलाय. बारीक लाल ठिपके, ओळीनं, शेकड्यांनी, ताजे. एका कोपऱ्यातले चार ओळ सोडून तिरके झालेत. प्रोसेसर डब्यात आहे, पंख्याखाली, चार स्क्रू आवळलेला. सकाळपासून मी त्याला हात लावलेला नाही.

स्क्रू काढते. प्रोसेसर उचलून उलटा करते आणि मोबाईलची बॅटरी लावते. हाताशेजारी धरून बघते. तोच कोपरा. चार पिना आडव्या झोपल्यात.

कंपास कपाटात वरच आहे. पेन-पेन्सिलीचं शिसं झटकून पाडते.

शटरखाली आबांच्या वहाणा दिसतात. शेजारी दुसऱ्या कुणाचेतरी पॉलिश केलेले बूट.

"रेणू, झालं का गं चालू?"

"थांबा," मी म्हणते. "चार पिना राहिल्यात."