गावं परत आणणारे आप्पा

"हात वर! समद्यांनी हात वर! कीबोर्डाला ज्याचं बोट लागंल, त्याचं बोट म्या नांदेडला घेऊन जाईन!"

तहसील कचेरीतल्या टंचाई कक्षाच्या दारात उभे राहून मन्मथ आप्पा ओरडत होते. डोक्यावर हेल्मेट तसंच, कपाळावरची विभूती घामानं भुवयांत उतरलेली. आम्ही सगळ्या ऑपरेटरांनी हात वर केले. शिपायानं चहाच्या ट्रेसकट केले. बाहेरच्या ओट्यावरच्या एका गुत्तेदाराला, म्हणजे टँकरच्या ठेकेदाराला, वाटलं, धाडच पडली. त्यानं बोटातल्या अंगठ्या काढून तोंडात टाकल्या आणि त्यातली एक गिळली, असं लोक सांगतात. मी पाहिलं नाही, पण आमच्या गावात न पाहिलेल्या गोष्टीच जास्त भरवशाच्या असतात.

आप्पा मूळचे चाकूरकडचे. हैदराबादला मोठ्या कंपनीत नोकरी केली, साहेबाशी भांडले आणि नांदेडला येऊन दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं होतं, 'बिघडलेले डेटाबेस दुरुस्त करून मिळतील. बिघडवणाऱ्यांनी सोबत यावे.' देगलूर, बिलोली, धर्माबादपासून लोक त्यांच्याकडे यायचे. अडत दुकानांचे, पतसंस्थांचे, दवाखान्यांचे कम्प्युटर आजारी पडले की आप्पांना बोलावणं जायचं. नम्रता हा शब्द त्यांच्या शब्दकोशात होता की नाही, कुणाला माहीत नाही. असलाच तर ते पान फाटलं असावं. "मराठवाड्यात या कामाचे दोन उस्ताद हायेत," ते सांगायचे. "एक म्या. दुसरा अजून पैदा व्हायचाय."

त्या साली दुष्काळ असा की लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आमच्या तालुक्याच्या तलावात पोरांनी क्रिकेटचं मैदान आखलं होतं. चेंडू पाण्यात गेला तर सहा धावा, असा नियम. अख्खा उन्हाळा सरला, कुणाच्या सहा धावा झाल्या नाहीत.

आणि पाण्याहून जास्त चर्चा होती ती नव्या जिल्ह्याची. आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीला आणि दर एक मेला आमचं गाव जिल्हा होतं आणि दुसऱ्या दिवशी परत तालुका होतं. एका खानावळीनं तर 'जिल्ह्यातील एकमेव' अशी पाटी रंगवून पोत्याखाली झाकून ठेवली होती. कचेरीतले अव्वल कारकून गंगाधरराव या विषयात सगळ्यांच्या पुढे. घोषणा झाल्यावर फायली हलवायला वेळ लागेल, आपण मागं पडू, म्हणून त्यांनी घोषणेआधीच कम्प्युटरात नवा जिल्हा काढून ठेवला आणि तालुक्यातली सगळी गावं गुपचूप त्याच्या नावावर केली. सरकारच्या आधी जिल्हा करणारा माणूस भारतात हा एकच असेल.

एक मे आला, गेला. घोषणा नाही. वरून विचारणा आली, तुमच्या अहवालात हा कोणता जिल्हा दिसतोय? गंगाधरराव घाबरले आणि त्यांनी जिल्हा खोडला. एक ओळ, एक बटण. त्या ओळीसोबत तालुक्यातली सगळी गावं गेली, गावांसोबत टँकरच्या मंजुऱ्या गेल्या, मंजुऱ्यांसोबत खेपा गेल्या. मग आम्ही शहाण्यांनी आठवेल तशी गावं पुन्हा टाइप करायला घेतली. एका गावाचा नंबर दुसऱ्याला लागला. एक टँकर भरून निघाला आणि ज्या खेड्यात नुकताच बोअरला पाणी लागल्याचा नारळ फुटत होता, तिथं जाऊन उभा राहिला. बाकीच्या बहुतेक टँकरांना कम्प्युटर एकच उत्तर देत होता : या खेपेचं गाव सापडत नाही. आणि कम्प्युटरनं चिठ्ठी दिल्याशिवाय भरणा केंद्रावर नळ सुटत नव्हता.

कक्षातल्या बाकावर सकाळपासून होनवाडीच्या सरपंच रुक्माबाई बसल्या होत्या. त्यांच्या गावच्या विहिरीत माणसं उतरून वाटीनं पाणी भरत होती. टँकरची मंजुरी त्यांना नुकतीच मिळाली होती. ती देणारे साहेब लगेच बदलून गेले. मंजुरीचा कागद निघाला नव्हता, टँकरची पहिली चिठ्ठी आज निघायची होती आणि आज कम्प्युटरात होनवाडीच नव्हती.

आप्पांनी हेल्मेट काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बिघडल्यावर दुरुस्त कुणी कुणी केलं?"

आमचे हात वर होतेच, ते तसेच ठेवले.

"मारणाऱ्यापेक्षा उचलणारेच लई मारतेत," आप्पा म्हणाले. मग त्यांनी सगळं थांबवलं आणि जशी होती तशी अख्ख्या डेटाची एक नक्कल आपल्या डिस्कवर काढून घेतली. तोवर कुणाला काही करू दिलं नाही. बदलीवर आलेल्या नव्या साहेबांनी घाई केली तर म्हणाले, "साहेब, मुडद्याचा आधी पंचनामा, मंग रडारड." हा त्यांचा नियमच होता : मूळ डेटाला हात लावायचा नाही, जे करायचं ते नकलेवर.

गंगाधरराव कोपऱ्यात चोरासारखे उभे होते. आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं. "गंगाधरराव, तुमी जिल्हा खोडला न्हाई. तुमी घराचा मधला खांब काढला. हे सॉफ्टवेअर बनवनाऱ्या कंपनीवाल्यानं गाठ अशी बांधलेली, मालक गेला की घरातल्या समद्यांनी निघायचं. कामून बांधली? त्याला वाटलं, जिल्हा काय कुणी खोडतंय व्हय?"

"आप्पा, माझा हेतू चांगला होता."

"हेतूचा बॅकअप न्हाई निघत, राव."

बॅकअप होता, पण पंधरवड्यापूर्वीचा. तो उघडून बघितलेला कुणी नव्हता. आप्पांनी तो वेगळ्या मशीनवर चढवला. गावं आली, खेपा आल्या. साहेबांचा चेहरा खुलला. "झालं की! हाच चालू करा."

"होनवाडी हाय का त्यात?" आप्पांनी मला विचारलं.

गाव होतं, मंजुरी नव्हती. ती बॅकअपनंतरची.

"एकच गाव राहतंय ना," साहेब म्हणाले. "त्यांनी पुन्हा अर्ज करावा. पाहणी होईल, मंजुरी होईल. महिनाभराचा प्रश्न."

बाकावर रुक्माबाईंनी पदर सावरला.

आप्पा खुर्ची मागे सारून उभे राहिले. "साहेब, समदी गावं आनली आन् एक ठिवलं, तर त्याला दुरुस्ती म्हनत न्हाईत. चोरी म्हनतेत. म्या चोर न्हाई. चहा सांगा."

डेटाबेसला एक सवय असते, हे मला त्या दिवशी कळलं. दिलेला प्रत्येक हुकूम तो पाळतो आणि पाळलेला हुकूम ओळीनं एका रोजनाम्यात टाकत जातो. आप्पांनी जुना बॅकअप पायाला घेतला आणि त्यावर रोजनाम्यातले हुकूम पुन्हा पहिल्यापासून चालवायला लावले. गंगाधररावांच्या त्या एका हुकमाच्या अगदी अलीकडे थांबायचं होतं. पंधरवडा पुन्हा जगायचा होता, फक्त शेवटची चूक सोडून.

अर्ध्या वाटेत सगळं थबकलं. लाइट गेली तेव्हाची एक नोंद तुटकी निघाली आणि त्यापुढं रोजनामा वाचता येईना. होनवाडीची मंजुरी त्या तुटीच्या पलीकडे. साहेब घड्याळ बघून म्हणाले, "आता सोडा." आप्पांनी तुटीच्या अलीकडची गावं, मंजुऱ्या, खेपा यांची बेरीज घेतली, तेवढी एक नोंद ओलांडली, पलीकडून पुन्हा सुरुवात केली आणि परत बेरीज घेतली. जुळली. प्रत्येक खेपेला गाव होतं, प्रत्येक गावाला जिल्हा. त्या तुटक्या नोंदीत काय होतं ते नंतर समजलं : साहेबांनी बदललेला पासवर्ड. आठवडाभर साहेबांना स्वतःच्याच कम्प्युटरात शिरता आलं नाही आणि कामं म्हणे कधी नव्हे इतकी लवकर झाली.

गावं पुन्हा लातूर जिल्ह्याच्या नावावर आली, मालक गेला की सगळ्यांनी निघायची ती गाठ आप्पांनी सोडून टाकली, आणि मोडतोडीनंतरच्या चार-दोन खऱ्या खेपा आम्ही हातानं भरल्या. या वेळी आप्पा मागे उभे होते. कुणाचं बोट जरा जोरात पडलं की खाकरत होते.

आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणं चाकूरजवळच्या शेतात त्यांना बसवूनच समाधी दिली. गंगाधररावही आले होते. माती टाकताना पुटपुटले, "बसलेत म्हणजे काम चालूच असंल." मी हसलो असतो, पण माझ्या शेजारी आप्पांच्या पत्नी होत्या, आणि आधी त्याच हसल्या.

त्यांना आठवायचं म्हटलं की मला मात्र त्या दिवसाची संध्याकाळच आठवते. प्रिंटरनं होनवाडीची चिठ्ठी ओकली. बाहेर टँकरवाल्यानं इंजिन सुरू केलं. रुक्माबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि निघाल्या. टाळी घेतल्याशिवाय आप्पांना जेवण जात नसे. ते आडवे गेले, छाती फुगवून.

"मावशी, बगा! जिल्ह्यासंगं पुसून गेलतं, नाव ना निशान. म्या तुमचं गाव मसनातून वापस आनलं!"

रुक्माबाईंनी चपलेत पाय सरकवला.

"गाव कुटं गेलतं, बाबा," त्या म्हणाल्या. "पानी गेलतं."