घाटात बंद पडणारा गेम

तो गेम मी अण्णांसाठी केला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढं घरात सगळेच तसं म्हणायला लागले, पण तो मला माझ्यासाठी हवा होता. नव्वदीची शेवटची वर्षं. मी कराडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि जवळच मलकापूरच्या आमच्या घरी सुटे भाग जमवून जोडलेला एक कॉम्प्युटर होता. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. रस्ते परदेशी, गाड्या परदेशी, आणि रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारी गोरी माणसं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्या गेमचे रस्ते आणि गाड्या बदलता येतील असं एक छोटं सॉफ्टवेअर मिळालं आणि मला खूळ लागलं. दोन महिने खपून मी त्यात पुण्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट बसवला. शर्यतीची गाडी काढली आणि तिथं ट्रक घातला, मागच्या फळीवर रंगीत मोरासकट.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंधरा वर्षं त्यांनी सैन्यात गाड्या चालवल्या आणि नंतर सांगलीहून हळद भरून पुण्याला नेणारा ट्रक. त्या वर्षी ते घरी बसले होते. लायसन्सचं नूतनीकरण करायच्या वेळी डोळे तपासले, तर साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळं डोळ्याच्या पडद्याला इजा झालीय, मोठी गाडी चालवू नका. अण्णांचं म्हणणं, त्या तक्त्यावरची अक्षरंच पुसट होती. आईचं म्हणणं, ट्रकच्या मालकाला आपल्या भाच्याला गाडीवर बसवायचंय, त्यानंच काहीतरी केलं. माझंही तेच म्हणणं होतं, आणि मी ते मोठ्यानं म्हणायचे. मालक मात्र एवढंच म्हणाला होता की दुसऱ्या डॉक्टरचा दाखला आणा, किल्ली तुमचीच आहे. आमच्या ओळखीतले एक डॉक्टर न तपासता दाखला द्यायला तयार होते. दोन महिन्यांनी जायचं, असं ठरलं होतं.

तोवर अण्णा ओट्यावर बसून असायचे. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. घरात इतकी शांतता कधी नव्हती, आणि मला त्या शांततेचा संताप यायचा.

एका संध्याकाळी ट्रकच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते आत आले. माझ्यामागं उभं राहून म्हणाले, "कुठला रस्ता गं हा?"

"ओळखा तुमीच."

ते वाकले, पार काचेला नाक लागेस्तोवर. "आगं, ही तर खंबाटकी!" आणि लगेच, "पर चुकलंय. ह्या वळणाला एवढा उतार न्हाई. ऊठ, बसू दे मला."

त्या दिवसापासून माझा गेम माझा राहिला नाही. दोन महिने राबून केलेल्या घाटाला त्यांनी नावं ठेवली. हे वळण आखूड झालंय, इथं रस्ता लांबतो, ओढ्याच्या ह्या मोरीनंतर मनात पाच आकडे मोज आणि मग उजवीकडं घे. मी चिडायचे, पण बदलायचे. महिन्याभरात त्यांच्या डोक्यातला घाट जसाच्या तसा गेमात उतरला. आणि अण्णा जेवायला लागले, बोलायला लागले. चपला बाहेर काढून, की-बोर्डला हात लावून कपाळाला लावून मगच बसायचे. शुक्रवारी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे. त्यातली राख की-बोर्डमध्ये पडली म्हणून मी एकदा एवढी भांडले की आई म्हणाली, "जाऊ दे की बाई, बापाला हसताना बघवत न्हाई व्हय तुला?"

आता अडचण अशी की अण्णा बसले की गेम बंद पडायचा. मी तासभर चालवला तरी काही होत नसे. त्यांनी चालवला की घाट निम्मा चढायच्या आत पडदा निळा व्हायचा, नाहीतर चौकटीत संदेश यायचा की प्रोग्रॅमनं बेकायदेशीर काम केलंय, आता तो बंद होईल. अण्णांना तो 'बेकायदेशीर' शब्द फार लागायचा.

"तुमी काय तरी दाबताय," मी म्हणायचे.

"आईची आन, काय दाबलं न्हाई. गाडी चालवतोय नुसती."

"मग माझ्या हातात का चालतो?"

"तुझ्या हातात गाडी न्हाईच, तू नुसती पळवतीस."

आधी मी व्होल्टेजला दोष दिला. स्टॅबिलायझर बदलून पाहिला. मग वाटलं, मोराचं चित्र जड झालंय. ते लहान केलं, त्यातले रंग कमी केले. झाडं कमी केली. एकदा तर सगळं पुसून मूळ गेम पुन्हा बसवला आणि एकेक फाइल परत घालत गेले. एक बदल करायचा, चालवून बघायचा, वहीत लिहायचं, मग दुसरा. क्लासमध्ये मी मुलांना हेच शिकवायचे, की एका वेळी दोन गोष्टी बदलाल तर दोष कशात होता ते कळायचं नाही. तरी माझ्या हातात चाले आणि त्यांच्या हातात पडे. प्रत्येक वेळी अण्णांचा चेहरा असा उतरायचा की मला गेम लिहिणाऱ्या त्या अनोळखी गोऱ्याला शिव्या द्याव्याशा वाटायच्या, आणि द्यायचेही.

शेवटी मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसले. ते जे जे करतील ते लिहायचं. वेग, ब्रेक, गिअर, हॉर्न. तीनदा गेम बंद पडला आणि तिन्ही वेळा पानावर एकच गोष्ट सारखी निघाली. अकराव्या हॉर्नला गेम बंद!

मी कधी हॉर्न वाजवलाच नव्हता. शर्यतीत कोण वाजवतो? आणि अण्णांनी उभ्या जन्मात घाटाचं एक वळण हॉर्न दिल्याशिवाय घेतलं नव्हतं. हॉर्नचा आवाज मी हौसेनं खऱ्या ट्रकचा टेपवर घेतला होता आणि वरच्या दर्जाचा करून गेमात घातला होता. गेम दर हॉर्नला ती भलीमोठी फाइल नव्यानं मेमरीत घ्यायचा आणि सोडायचाच नाही. अकराव्याला मेमरी भरायची. मग मी मूळ हॉर्नची फाइल किती होती ते बघितलं, आपला आवाज तेवढाच लहान आणि साधा करून ठेवला. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी तीन आठवडे मी वडिलांवर खेकसत होते.

त्या संध्याकाळी अण्णा घाट चढले आणि पलीकडं, आपल्या साताऱ्याकडच्या खंडाळ्याला उतरले. वाटेत चाळीसेक हॉर्न झाले असतील. आईनं साखर वाटली, अण्णांना नाही, बाकी सगळ्यांना. "लय भारी काम केलंस," अण्णा म्हणाले. लहानपणापासून त्यांनी माझं इतकं सरळ कौतुक कधी केलं नव्हतं. मी फुगून गेले.

पण वहीची ती पानं माझ्याकडं होती. दोष शोधायच्या नादात मी एक गोष्ट लिहिली होती आणि वाचली नव्हती. मोरीजवळ मी एकदा रस्त्याचा कठडा लांबवला होता आणि वळण थोडं पुढं सरकवलं होतं. अण्णांना सांगायचं राहून गेलं होतं. पानावर दिसत होतं की तिथं त्यांनी जुन्याच जागी हॉर्न दिला आणि जुन्याच जागी चाक वळवलं. तीन वेळा. तीन वेळा कठड्याला घासून परत रस्त्यावर आले आणि म्हणाले, "तुझी बटणं अडकत्यात." मी वही मिटून ठेवली. हे मला कळून घ्यायचं नव्हतं. दाखल्याला आठ दिवस उरले होते, आई त्यांच्या खाकी शर्टाला इस्त्री करत होती, आणि घरात पुन्हा आवाज होते.

दोन दिवसांनी अण्णाच म्हणाले, "सगळं हाय, पर ह्यात एक बंद पडलेली गाडी न्हाई. खंबाटकीत बंद गाडी न्हाई, असा दिवस मी बघितला न्हाई. घाल की एखादी."

मी घातली. खोटं कशाला बोलू, मला दुसरी जागा निवडता आली असती. एखाद्या वळणात, आडबाजूला, जिथं कोणाचीही चूक झाली असती. मी ती सरळ रस्त्यावर ठेवली, घाटातल्या वरच्या पुलाच्या पुढं, जिथून ती लांबून दिसते. पिवळा ट्रक, मागं ओळीनं दगड मांडलेले, वर झाडाची फांदी खोचलेली. सगळं रीतीप्रमाणं.

दुसऱ्या दिवशी क्लासवरून आले तर अण्णा माझी वाटच बघत होते. चपला काढल्या, हात कपाळाला लावला, बसले. मी शेजारी स्टुलावर. पहिली वळणं झकास घेतली, मोरीचा कठडा तेवढा घासला. पूल आला, पूल गेला. पिवळा ट्रक पडद्यावर आधी ठिपका होता, मग काडेपेटीएवढा झाला, मग पडदाभर. हॉर्न नाही, ब्रेक नाही. अण्णा गाणं गुणगुणत होते. मी तोंडावर हात धरला.

गाडी थांबली.

"पडला बघ परत बंद," अण्णा म्हणाले. "नीट केलावतास न्हवं?"

"गेम चालू हाय, अण्णा."

"मग गाडी का हालंना?"

"पुढं ट्रक उभा हाय."

ते पुढं वाकले. काचेला नाक टेकवून इकडून तिकडं बघत गेले. चाकं सापडली, मग पिवळा रंग, मग इकडंतिकडं उडालेले दगड. इंजिन चालूच होतं.

"कुठनं दिसत हुता ह्यो?"

"पुलापासनं."

मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. गेम आहे, चित्र आहे, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"खाली कोण हुतं का गं? चाक बदलाय बसलेलं?"

"न्हाई. कोण न्हवतं."

"बघ नीट."

मी बघितलं. "कोण न्हाई अण्णा, खरंच."

त्यांनी श्वास सोडला. मग की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"त्या डॉक्टरला निरोप दे," म्हणाले. "म्हणावं, दाखला लिहू नका."