नाकाबंदीतली आंब्याची लाकडं

खून, दरोडे, दंगली यांचे तपास मी नोकरीत पुष्कळ केले आणि त्यातले बरेचसे आता विसरलोही. आंब्याच्या लाकडांचा एक साधा गुन्हा मात्र विसरता येत नाही. कोर्टात तो दहा मिनिटांत निकाली निघाला. माझ्या मनात तो आजवर निकाली निघालेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पुणतांब्याच्या बाजूला फौजदार होतो. त्या वर्षी आमच्या हद्दीतल्या एका गावात आंब्याच्या झाडांना बाहेरून आलेला भुंगेरा लागला. त्याची अळी खोडात शिरून आतून लाकूड खाते. बुंध्याशी भुश्याची रास दिसू लागते, तोवर झाड हातचं गेलेलं असतं. कृषी खात्याच्या सांगण्यावरून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. गावातला प्रत्येक आंबा तोडायचा, लाकूड जागीच खड्ड्यात जाळायचं आणि लाकूड, कलम, पाला यांतलं काहीही गावाच्या शिवेबाहेर न्यायचं नाही. चावडीवर आदेश चिकटवला, दवंडी दिली, रस्त्यावर आमचा नाका बसला. महिन्याभरात त्या गावात आंब्याचं एक झाड उरलं नाही.

लोकांनी शिव्या दिल्या, पण झाडं तोडू दिली. एका घरी तर कुऱ्हाड चालवण्याआधी झाडाला हळदकुंकू वाहिलेलं मी पाहिलं. हे काम पोलिसाचं नव्हे, असं तेव्हा वाटलं होतं.

माघ संपत आला होता. एका सकाळी नदीकडच्या भागातला एक बागायतदार ठाण्यात आला. बराच वेळ बाकावर बसून राहिला. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, तरी म्हणे, साहेबांशीच बोलायचंय. मी त्याला आत घेतलं.

"साहेब, माझं नाव कुटं येऊ देऊ नका," तो म्हणाला. "त्या गावातून वाढ्यांची बैलगाडी येती, दिवसाआड. दुपारचं. उसाचे शेंडे ते, त्या वाढ्यांना वजन ते किती? पन चाकं बगा कशी रुतत्यात. बैलांच्या तोंडाला फेस."

"कोणाची गाडी?"

मग त्याने नाव सांगितलं. "मानूस लई सरळ हाय, साहेब. आमचं येनंजानं हाय. पन शिवेला लागून माजी साठ झाडं हायेत. समदी मोहरलीत आत्ता."

खबर देणारे बहुतेक जण वैरापोटी येतात. हा माणूस भीतीपोटी आला होता आणि आल्याची त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः नाक्यावर थांबलो. नाक्यावरचा शिपाई त्या वेळी डबा खायला बसायचा. गाडीवाल्याने हे केव्हाच हेरलेलं असणार. गाडी आली. हाकणारा सत्तरीच्या घरातला, धोतर, डोक्याला मुंडासं. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. मी वाढ्यांत काठी खुपसली, ती खट्कन लाकडाला लागली. वाढे उतरवले. खाली आंब्याचे आठ ओंडके, साल सोललेले, धोतराच्या फडक्यात एकेक गुंडाळलेले.

लाकूड चोरणारा माणूस ते फडक्यात गुंडाळत नाही. मी हे तेव्हाच समजायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात चोरीचं लाकूड विकत घेणारा कुणी वखारवाला बसला होता.

पंचनामा केला, ओंडके जप्त करून नाक्याच्या आतच जाळले आणि आबांना ठाण्यात आणलं.

"लाकडं कोणाची?"

"माजीच."

"कुठं नेत होता? याआधी किती खेपा केल्या?"

आबा गप्प. मी आवाज चढवून पाहिला, हवालदाराने समजावून पाहिलं, चहा दिला. चहा घेतला नाही. एकदाच म्हणाले, "मला आत टाका, पन संध्याकाळपर्यंत घरी निरोप धाडा. म्हनावं, बैल बिथरला म्हनून थांबलोय." घरी कोण आहे, विचारलं तर तोंड फिरवलं.

तोवर बेलापूर आणि आसपासच्या वखारी आमच्या माणसांनी पालथ्या घातल्या. कुणीच हे लाकूड घेतलेलं नव्हतं. नदीकाठच्या खोपी, पडक्या विहिरी पाहिल्या. काही सापडलं नाही. कृषी अधिकारी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. ते म्हणाले, "साहेब, ऊन वाढतंय. आधीच्या खेपांचं लाकूड कुठंतरी पडलेलं आहे. चारआठ दिवसांत त्यातून भुंगेरे बाहेर पडतील. मग आपण एवढ्या लोकांची झाडं तोडली ती कशासाठी?"

रात्र अशीच गेली. सकाळी मी आबांना ठाण्यातच बसवून त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खाटेवर त्यांची बायको पडून होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ती उठली नव्हती. गाव तिला आक्का म्हणे. शेजारीण तिला पेज भरवत होती. मला दारातच थांबवून शेजारणीने हळूच सांगितलं, "झाडांचं काय बोलू नका, साहेब. त्यांना ठावं न्हाई. आबांनी सांगितलंय, झाडं हायेत म्हनून. लग्नाच्या साली दोघांनी लावलेली. आक्कांनीच हंड्यानं पानी घातलेलं."

मी आत जाऊन खाटेशेजारी बसलो. आक्कांच्या उशाशी तांब्यात आंब्याच्या मोहोराचा एक तुरा होता. पाण्यात अजून टवटवीत. खोलीभर त्याचा वास होता.

महिन्याभरापासून त्या गावात आंब्याचं झाड नव्हतं. मग हा मोहोर आला कुठून? गाडी जिथं जात होती तिथूनच. नदीच्या बाजूला, शिवेला अगदी लागून मोहरलेली एकच बाग होती आणि त्या बागेचा मालक माझ्या ठाण्यात येऊन गेला होता. म्हणजे लाकूड त्या बागेच्या अगदी जवळ कुठंतरी होतं.

"मोहोर छान आहे," मी म्हणालो. "कोणी आणला?"

आक्कांनी शेजारणीला बाहेर जायला सांगितलं. ती गेल्यावर त्यांचं अर्धं तोंड हसलं.

"तुमी पोलीस ना? बैल बिथरला म्हनून कोनी रातभर थांबत न्हाई. काय केलं त्यांनी?"

मी सांगू की नको, या विचारात होतो.

"साहेब, माजे पाय गेलेत. कान न्हाई गेले. धा दिस कुऱ्हाड ऐकली मी. ते म्हनत, बाभळी तोडत्यात. मी म्हनलं, व्हय. सांजच्याला मोहोर घिऊन आले, म्हनले आपल्या पाडाच्या झाडाचा हाय. पाडाच्या झाडाचा वास मला कळत न्हाई का? पन लई आशेनं बघत हुते माज्याकडं. मी म्हनलं, लई भारी मोहरलंय औंदा."

मग मी सगळं सांगितलं. गाडी, फडक्यात गुंडाळलेले ओंडके, आधीच्या खेपा. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं.

"माज्यासाटी," त्या म्हणाल्या. "मी आजारी पडले तवा बोलले हुते, मला माज्याच झाडाच्या लाकडात जाळा. घाट नदीवर, म्हंजे तुमच्या शिवेच्या भायेर. म्हनून आधीच नेऊन ठेवत असत्याल."

"आक्का, त्या लाकडात अळी आहे. ती बाहेर पडली तर नदीकडच्या सगळ्या बागा जातील."

त्यांनी डोळे उघडले.

"नदीकाठाला माज्या नंदेची जुनी पान्याच्या इंजिनाची खोली हाय," त्या म्हणाल्या. "बाभळीत दडलीय, कुलूप हाय. तिथंच असंल. जाळून टाका. आनि त्यांना सांगा, तिनं म्हनलंय, मानसाच्या जाळायला कसलंबी लाकूड चालतं. जाता जाता दुसऱ्याची झाडं मारून जायचं न्हाई मला."

मी ठाण्यात परत आलो. आबा तसेच बसून होते. मी त्यांच्या समोर खुर्ची घेऊन बसलो आणि म्हणालो, "आबा, आक्कांना झाडांचं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुंडासं सोडून तोंडावर धरलं आणि रडले. ठाण्यात मी रडणारे खूप पाहिले आहेत, सुटण्यासाठी, शिक्षेच्या भीतीने. हे रडणं वेगळं होतं. हवालदार उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आबा म्हणाले, "मला वाटलं, मीच तिला सांभाळतोय."

मग त्यांनी आक्कांचा निरोप ऐकला आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

इंजिनाच्या खोलीत दीड झाडाचं लाकूड नीट रचून ठेवलेलं होतं, खाली विटा, वर गोणपाट. जमिनीवर पिवळा भुसा सांडलेला. कृषी अधिकाऱ्यांनी एक ओंडका फोडला. आत करंगळीएवढी पांढरी अळी होती आणि बाजूच्या पोकळीत पंख फुटलेला भुंगेरा, बाहेर पडायच्या तयारीत. त्यांनी तो आबांना दाखवला. आबा खाली वाकून पाहत राहिले.

"एवढासा," ते म्हणाले.

पंचांसमोर तिथेच खड्डा करून लाकूड पेटवलं. काडी आबांनीच लावली. मी त्यांना नको म्हणालो होतो. ते म्हणाले, "लावली बी मीच हुती साहेब, झाडं."

आदेश मोडल्याबद्दल कलम १८८ खाली गुन्हा दाखल झाला. तो मला टाळता आला नसता आणि मी टाळलाही नाही. ज्यांनी आदेश पाळून आपली झाडं तोडू दिली होती, त्यांच्या तोंडाकडे मला पुढेही बघायचं होतं. आबांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी माझा अहवाल दोनदा वाचला आणि ताकीद देऊन त्यांना सोडलं. नदीकडच्या बागांत त्या वर्षी भुंगेरा शिरला नाही.

चैत्रात आक्का गेल्या. मी साध्या कपड्यात घाटावर गेलो. चितेसाठी गावाने बाभळीचं लाकूड आणि गोवऱ्या आणल्या होत्या. रचून होत आली, तेवढ्यात एक बैलगाडी घाटावर उतरली. गाडीत आंब्याचं लाकूड होतं, चांगलं वाळलेलं, निरोगी. हाकणारा तोच बागायतदार होता. "बागेतलं एक जुनं झाड हुतं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मागंच तोडून ठेवलेलं."

आबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "तुज्यासारका शेजारी मिळाया भाग्य लागतं, बाबा," ते म्हणाले. त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. खबर कोणी दिली हे घाटावर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही बोललो नाही. पुढे होऊन त्याच्या गाडीतला एक ओंडका खांद्यावर घेतला.

आबा, आक्का आणि तो बागायतदार, तिघांपैकी आता कोणीच नाही, म्हणून हे लिहिलं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की खबर देणाऱ्याचं नाव जपायचं असतं, कारण त्याच्या जिवाला धोका असतो. त्या दिवशी मला कळलं की ते नाव आणखी एका कारणासाठी जपायचं असतं. ज्याने खरं सांगितलं आणि ज्याला त्याचा त्रास झाला, त्या दोघांना पुढेही एकमेकांच्या शेजारीच राहायचं असतं. कायदा माझ्यामार्फत चालला, आणि तो बरोबरच होता. पण भुंगेरा थांबला तो माझ्या नाकाबंदीमुळे नव्हे. खाटेवर पडलेल्या एका बाईने आपली शेवटची इच्छा सोडली, म्हणून तो थांबला. माझ्या अहवालात मी ते लिहिलं नव्हतं. तिथं फक्त एवढंच आहे, 'मिळालेल्या माहितीवरून मुद्देमाल हस्तगत.'