बोर्डाखालचे पितळी पाय

दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात कुठल्याच मशीनचे नसलेले स्क्रू साठत जातात. किस्से तसेच साठतात. मी सातवी शिकलो. आधी रेडिओ दुरुस्त करायचो, आता जळगावात कॉम्प्युटर. भागीदार सुपडू. दुकानाचं नाव एकाच गोष्टीवर चालतं : माझ्या हातचं मशीन परत येत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

*

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये, टेकला की शॉर्ट होतो. खाली पितळी पाय लावायचे. नरडाण्याच्या एका शेतकऱ्याने घरीच बोर्ड बसवला, थेट पत्र्यावर. मशीन चालू होईना, म्हणून घेऊन आला. पाय कुठे, विचारलं. त्याने खिशातून पायांची न फोडलेली पुडी काढून माझ्या हातात दिली.

"नाना, हाई उरनं. तुमले कामले ई."

*

दीपनगर वीजकेंद्रातल्या एका रिटायर साहेबांनी बोर्डाखाली रबरी चपलेचे तुकडे घातले होते. बोर्ड इतका वर आला की मागची सॉकेटं पत्र्यातल्या खिडकीत बसेनात. मी सांगू लागलो, तर म्हणाले, सगळी नोकरी विजेत गेली, मला शिकवू नका.

सुपडूने शांतपणे विचारलं, "साहेब, दुसरी चप्पल पुढच्या मशीनला ठेवलीय का?"

*

कापडवाल्या शेठजींकडे मशीन लावायला गेलो. पूजेआधी पंख्याची वायर तपासायला झाकण उघडलं. तेवढ्यात शेठाणींनी ओल्या कुंकवाने बोर्डावरच स्वस्तिक काढलं! मी म्हणालो, बाहेर पेटीवर काढायचं होतं.

"पूजा यंत्राची करतात, नाना. खोक्याची नाही."

मी फडकं काढलं. पुसून, वाळवून चालू करून दिलं.

*

सॉकेटांभोवतीची पत्र्याची चौकट बोर्डाच्या आधी बसवायची असते. सुपडूला ती सगळं फिट झाल्यावर टेबलावर दिसते. मग सगळं परत खोला. आता मी ती त्याच्या खुर्चीवर ठेवतो. बसला की कळतं.

*

धुळ्याच्या एक शिक्षिका एसटीने आल्या. मांडीवर कॅबिनेट. मीच त्यात नवा बोर्ड बसवून दिला होता. मशीन मध्येच बंद पडायचं. माझ्या हातचं मशीन परत आलं होतं, आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती.

बाई म्हणाल्या, "नाना, माझंच काही चुकलं असेल. तुमच्या हातून नाही होणार."

मी बोर्ड काढला. खाली एक पितळी पाय जास्तीचा. जुन्या बोर्डाचा, तसाच राहिलेला. नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नव्हतं. पाय मागून टेकत होता. सुपडूने तो झटकन काढून मुठीत घेतला आणि बाईंना व्होल्टेजचं काहीतरी सांगू लागला.

मी त्याची मूठ उघडली. पाय बाईंसमोर ठेवला.

"चूक माझी."

सुपडूने खिशातून मोबाईल काढला.

"नाना, परत म्हणा. रेकॉर्ड करतो."

मी परत म्हणालो. जरा मोठ्याने.